जाहीर, खुलासा आणि किंमत : उकव्याच्या खाणीवरून कंपनीमूल्याचा विचार

कंपनी आपल्याविषयी किती माहिती जाहीर करते, तिची आर्थिक वैशिष्ट्ये कोणती असतात आणि या दोन्ही गोष्टींचा तिच्या मूल्यावर काय परिणाम होतो, हा वाणिज्य शाखेतील संशोधनाचा एक नेहमीचा विषय आहे. यावर लिहिले जाणारे प्रबंध बहुधा एकाच साच्याचे असतात. शे-दोनशे कंपन्यांची आकडेवारी, एक समीकरण आणि शेवटी 'सकारात्मक संबंध आढळला' किंवा 'आढळला नाही' असा निष्कर्ष. कम्युनिटी कॉलेजात हिशेब, बँकिंग वा कार्यालयीन कामकाजाचे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या अध्यापकाला या निष्कर्षाचा वर्गात फारसा उपयोग होत नाही. समोरच्या विद्यार्थ्याला विचारायचे असते ते इतकेच की, कागदावर काय लिहिले यावरून शेअरचा भाव कसा काय हलतो? प्रस्तुत लेखात हा प्रश्न एकाच कंपनीच्या आधारे समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. प्रस्तुत लेखक भाषेचा अध्यापक असल्याने सुरुवात शब्दांपासून करणे सोयीचे वाटते.

'जाहीर' हा शब्द अरबी 'ज़ाहिर'वरून आला. अर्थ : जे डोळ्यांना दिसते ते, उघड. त्याचा विरुद्धार्थी शब्द 'बातिन', म्हणजे आत दडलेले. कंपनीने माहिती जाहीर करणे याचा मूळ अर्थ, बातिन ते ज़ाहिर करणे. दुसरा शब्द 'खुलासा'. उर्दूत 'ख़ुलासा' म्हणजे सार, सारांश. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, जे बहुधा कोणी मागितल्यावर दिले जाते. आणि हिंदी वर्तमानपत्रांत खुलासा म्हणजे गौप्यस्फोट. बालाघाटसारख्या जिल्ह्यात, जिथे एकाच बाजारात हिंदी, मराठी, पोवारी, गोंडी आणि उर्दू कानांवर पडतात, तिथे एकाच शब्दाचे हे तीन अर्थ विद्यार्थ्यांना लगेच पटतात. कंपनीच्या कागदांतही हे तिन्ही प्रकार सापडतात. वार्षिक अहवाल हा सारांश, शेअर बाजाराने विचारणा केल्यावर दिलेले उत्तर हे स्पष्टीकरण, आणि क्वचित, फार क्वचित, गौप्यस्फोट.

बालाघाट-बैहर रस्त्यावरील उकवा हे गाव मँगनीजच्या भूमिगत खाणीसाठी ओळखले जाते. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांतून मँगनीजचा जो कमानीसारखा पट्टा जातो, त्यातले हे एक महत्त्वाचे ठिकाण. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एल. एल. फर्मर यांनी १९०९ मध्ये देशातील मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि या पट्ट्यातील एका खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून 'गोंडाइट' असे नाव दिले. ते नाव आज जगभर चालते. खाणींचा धंदा त्याआधीच सुरू झाला होता. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश संस्था स्थापन झाली, तिचीच पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. १९६२ मध्ये मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही नवी कंपनी उभी राहिली. तिचे ५१ टक्के शेअर केंद्र सरकार, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्याकडे होते व ४९ टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीकडे. १९७७ मध्ये हे ४९ टक्केही केंद्राने घेतले. मुख्यालय नागपुरात, खाणी उकवा, भरवेली, तिरोडी, चिखला, डोंगरी बुजुर्ग, गुमगाव, मनसर, कांद्री अशा दोन राज्यांत विखुरलेल्या. लोक तिला पूर्वीपासून 'मॉइल' म्हणत आले. कंपनीनेही पुढे हेच अधिकृत नाव घेतले.

२०१० पर्यंत या कंपनीला शेअर बाजारातला भाव नव्हता. उत्पादन होत होते, नफा होत होता, हिशेब महालेखापरीक्षकांकडे आणि संसदेकडे जात होता. पण 'मॉइलची किंमत किती?' या प्रश्नाला आकड्यात उत्तर नव्हते. ते उत्तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी विक्रीला निघाले. तिन्ही सरकारांनी मिळून २० टक्के, म्हणजे ३.३६ कोटी शेअर विकायला काढले. किंमत ठरली ३७५ रुपये, किरकोळ गुंतवणूकदारांना त्यात थोडी सवलत. मागणी जवळजवळ ५६ पट आली. १५ डिसेंबर २०१० रोजी शेअर बाजारात नोंदला गेला आणि त्या दिवशी त्याचा भाव विक्रीच्या किमतीच्या बराच वर राहिला.

कंपनीचे एकूण शेअर १६.८ कोटी होते. ३७५ रुपयांनी गुणले तर ६,३०० कोटी रुपये होतात. याला बाजारमूल्य म्हणतात. हा गुणाकार फळ्यावर करून दाखवावा, कारण पुष्कळ विद्यार्थ्यांची अशी समजूत असते की शेअर विकून मिळालेला पैसा म्हणजे कंपनीची किंमत. इथे तर विक्रीचा पैसा कंपनीकडे गेलाच नाही. विकणारी सरकारे होती, पैसा सरकारांना मिळाला. कंपनीच्या तिजोरीत एक रुपयाही वाढला नाही.

मग पुढच्या वर्षी काय झाले ते पाहावे. २०११ च्या अखेरीस शेअरचा भाव अडीचशेच्याही खाली होता, म्हणजे बाजारमूल्य ४,२०० कोटींच्या आत. उकव्याच्या जमिनीखाली मँगनीज तेवढेच होते. शाफ्ट तेच, कामगार तेच. बदलले होते ते खनिजाचे भाव आणि त्यामुळे नफा. २०१०-११ मध्ये सुमारे ५८८ कोटी असलेला निव्वळ नफा २०११-१२ मध्ये सुमारे ४११ कोटींवर आला. सबंध शेअर बाजारही त्या वर्षी मंदीत होता. मराठीत आपण 'किंमत' आणि 'मूल्य' असे दोन शब्द वापरतो, पहिला अरबीतून आलेला, दुसरा संस्कृतातला. आणि व्यवहारात त्यांत फरकही करतो. बाजार रोज जी लावतो ती किंमत. मूल्य हे त्या किमतीमागचे अनुमान, आणि ते मुख्यतः उद्याच्या नफ्याचे अनुमान असते.

या अनुमानासाठी संशोधक जे माप वापरतात त्याला जेम्स टोबिन यांच्या नावावरून 'टोबिनचा क्यू' म्हणतात. कल्पना सोपी आहे : कंपनीची बाजारातली किंमत भागिले तिची मालमत्ता आज नव्याने उभी करायला येणारा खर्च. उत्तर एकाहून जास्त आले तर बाजार मालमत्तेपेक्षा अधिक काहीतरी पाहतो आहे. प्रत्यक्षात नव्याने उभारणीचा खर्च कोणी काढत नाही. ताळेबंदातील आकडा घेतला जातो. (ताळेबंद हा शब्द हिंदी वाचकाला 'तालाबंद'सारखा, कुलूप लावल्यासारखा वाटतो. तो आहे ताळा म्हणजे पडताळा यावरून. पण पुष्कळांच्या दृष्टीने हिंदी अर्थच खरा ठरतो.)

खाणीच्या बाबतीत या मापाची एक अडचण आहे आणि ती प्रबंधांत फार कमी वेळा लिहिलेली दिसते. ताळेबंदात यंत्रे येतात, इमारती येतात, बँकेतील ठेवी येतात. जमिनीखालचे खनिज येत नाही. जो साठा ही कंपनीची खरी दौलत आहे, तोच हिशेबाच्या पानावर बाजारभावाने कुठेही मांडलेला नसतो. त्यामुळे खाण कंपनीच्या मूल्याचा मोठा हिस्सा हा ताळेबंदाबाहेरच्या कागदावर, म्हणजे साठ्याच्या विवरणावर आणि उत्पादन-योजनेवर अवलंबून राहतो. कापडगिरणीचा वार्षिक अहवाल चार पाने कमी असला तरी चालून जाईल. खाणीच्या अहवालात साठ्याचे पान कमी असेल तर वाचणाऱ्याच्या हाती यंत्रांची यादी आणि बँकेच्या ठेवी एवढेच उरते.

आता आर्थिक वैशिष्ट्ये. संशोधनात बहुधा चार घेतली जातात : आकार, नफाक्षमता, कर्ज आणि रोखता. आकाराविषयी फार सांगण्यासारखे नाही. मोठ्या कंपनीकडे अधिक लोकांचे लक्ष असते, एवढे पुरे. कर्जाचा प्रश्न मात्र रंजक आहे. मोदिग्लियानी आणि मिलर यांनी १९५८ मध्ये असे मांडले की, कर आणि दिवाळखोरीचा खर्च नसलेल्या आदर्श बाजारात कर्ज किती आणि भागभांडवल किती यावरून कंपनीचे मूल्य बदलत नाही. खऱ्या बाजारात कर असतो, दिवाळेही निघते, म्हणून बदलते. मॉइलवर कर्ज नाही, आणि हजार कोटींहून अधिक रोकड तिच्याकडे वर्षानुवर्षे होती. घरगुती शहाणपणाने पाहिले तर याहून चांगले काय? पण बाजार असा विचार करत नाही. बँकेत ठेवलेला पैसा ठेवीचे व्याज देतो, खाणीचा नफा देत नाही. गुंतवणूकदाराला ठेवच करायची असती तर त्याने ती स्वतः केली असती.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कंपन्यांसाठी नियम केला की, नक्त मूल्य किमान २,००० कोटी आणि रोकड १,००० कोटींहून जास्त असेल तर शेअरची पुनर्खरेदी करावी. मॉइलने त्या वर्षी ३.४८ कोटी शेअर २४८ रुपयांना परत घेतले, सुमारे ८६३ कोटी खर्चून. २०१७ मध्ये एकास एक बक्षीस शेअर दिले. त्यानंतर २०२० मध्ये १५२ रुपयांनी आणि २०२२ मध्ये २०५ रुपयांनी पुन्हा पुनर्खरेदी झाली. बक्षीस शेअरमुळे २०१० च्या ३७५ रुपयांची तुलना आजच्या भावाशी थेट करता येत नाही, ती १८७.५० रुपयांशी करावी लागते. हे गणित वर्गात नक्की करून घ्यावे. गावोगावचे लोक 'तेव्हा पावणेचारशेला घेतला होता' एवढेच लक्षात ठेवून नफा-तोटा मोजत बसतात.

पुनर्खरेदीकडे दोन नजरांनी पाहता येते. भागधारकाला पैसा परत मिळतो आणि उरलेल्या प्रत्येक शेअरच्या वाट्याला अधिक नफा येतो. पण सर्वांत मोठा भागधारक सरकार आहे आणि अर्थसंकल्पाला पैशाची गरज असते, हेही खरे. प्रस्तुत लेखकाला दुसरे कारण अधिक बलवान वाटते, कारण नियम सर्व श्रीमंत सरकारी कंपन्यांना एकाच मापाने लागू केला गेला. कुठल्या खाणीला नवा शाफ्ट हवा आणि कुठल्या कंपनीकडे पैसा पडून आहे, असा भेद त्यात मुळात नव्हता.

नफाक्षमतेचे उदाहरण तर डोळ्यांत भरणारे आहे. २०१४-१५ मध्ये सुमारे ४२८ कोटी असलेला नफा २०१५-१६ मध्ये सुमारे १७३ कोटींवर घसरला, कारण जगभर मँगनीजचे भाव कोसळले. उलट मार्च २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ग्रूट आयलंड या बेटावर 'मेगन' नावाचे चक्रीवादळ आले, तेथील मोठ्या मँगनीज खाणीचा धक्का मोडला, जहाजे थांबली आणि जगभर भाव चढले. मॉइलचा शेअर मार्चअखेर तीनशेच्या आत होता, तो जुलैत पाचशेच्या वर गेला. बैहरच्या रस्त्यावरील ट्रकांची संख्या त्यासाठी वाढावी लागली नाही.

इथे जाहीर करण्याचा प्रश्न पुन्हा येतो. मॉइल आपल्या खनिजाच्या किमती ठरावीक काळाने बदलते आणि नव्या महिन्यापासून कोणत्या प्रतीला किती वाढ वा घट, हे शेअर बाजाराला कळवते. कागद एक-दोन पानांचाच असतो. तरी त्या एका कागदाने शेअरचा भाव हलतो, कारण त्यातून पुढच्या तिमाहीचा नफा जवळजवळ मोजता येतो. दोनशे पानी वार्षिक अहवालाने इतके क्वचितच होते. त्या अहवालातील बहुतेक आकडे बाजाराला आधीच माहीत झालेले असतात. म्हणजे माहितीचा परिणाम पानांवर अवलंबून नाही; ती वाचणाऱ्याला आधी ठाऊक होती की नव्हती, यावर अवलंबून आहे.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हाच मुद्दा दुसऱ्या टोकाने मांडला. विकणाऱ्याला गाडीचा दोष ठाऊक आहे, घेणाऱ्याला नाही. घेणारा मग प्रत्येक गाडी सरासरी दर्जाची धरूनच भाव देतो. चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकत नाही. बाजारात खराब गाड्याच उरतात. बैलबाजारात ज्याने दात बघून बैल घेतला आहे त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. कंपनी माहिती देते ती घेणाऱ्याची ही शंका कमी व्हावी म्हणून. शंका कमी झाली की तो कमी परताव्यावर भांडवल द्यायला तयार होतो आणि त्या प्रमाणात मूल्य वाढते. क्रिस्टीन बोटोसन यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतील १२२ उत्पादक कंपन्यांचा अभ्यास केला. ज्या कंपन्यांकडे विश्लेषकांचे लक्ष कमी होते, त्यांच्यातच अधिक माहिती आणि स्वस्त भांडवल यांचा संबंध त्यांना स्पष्ट दिसला. जिच्याकडे सर्वांचे डोळे आधीच लागलेले आहेत, तिने आणखी चार पाने लिहून फारसा फरक पडत नाही.

भारतातील पुरावा बर्नार्ड ब्लॅक आणि विक्रमादित्य खन्ना यांच्या २००७ च्या निबंधात मिळतो. मे १९९९ मध्ये सेबीने कुमारमंगलम बिर्ला समिती नेमली. तिच्या शिफारशींतूनच फेब्रुवारी २००० मध्ये नोंदणी कराराचे ४९ वे कलम आले. समितीची घोषणा होताच, ज्यांना नियम आधी लागू होणार होते त्या मोठ्या कंपन्यांचे शेअर लहान कंपन्यांच्या तुलनेत दोन दिवसांत सुमारे ४ टक्के आणि पाच दिवसांत सुमारे ७ टक्के वर गेले. अजून एकही नवे पान छापले गेले नव्हते. माहिती देणे बंधनकारक होणार, एवढ्या अपेक्षेलाच बाजाराने किंमत दिली. हा निबंध प्रस्तुत लेखकाला इतर बहुतेकांपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण एरवीच्या अभ्यासांत एक मोठी गफलत राहते. नफ्यात असलेली कंपनी बोलकी असते, तोट्यातली गप्प. मग माहितीमुळे मूल्य वाढले, की मूल्य वाढले म्हणून माहिती दिली? समीकरणात दोन्ही आकडे एकत्र वाढलेले दिसतात. आधी कोण आणि नंतर कोण, ते समीकरण सांगत नाही. ब्लॅक आणि खन्ना यांच्याकडे तारीख होती, आणि बदल कंपनीने स्वतः निवडलेला नव्हता.

दुसरी गफलत मोजण्याची. पुष्कळ अभ्यासांत तीस-चाळीस बाबींची यादी करतात आणि अहवालात त्यातल्या किती आल्या ते मोजतात. सत्यम कॉम्प्युटर्सला या मापाने उत्तम गुण मिळाले असते. सप्टेंबर २००८ मध्ये तिला कंपनी प्रशासनासाठी 'गोल्डन पीकॉक' पुरस्कारही मिळाला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदातील ५,०४० कोटींची रोकड व बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. त्या एका दिवसात शेअर सुमारे १७९ रुपयांवरून सुमारे ४० रुपयांवर आला. हा हिंदी अर्थाचा खुलासा.

बालाघाट जिल्ह्यातच याहून वेगळ्या जातीचे एक उदाहरण आहे. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीची मालक हिंदुस्थान कॉपर ही कंपनी शेअर बाजारात होती, पण तिचे ९९ टक्क्यांहून अधिक शेअर सरकारकडे होते. उरलेल्या थोड्याशा शेअरच्या उलाढालीतून जो भाव निघे, तोच सगळ्या कंपनीचा भाव मानला जाई. नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने शेअर विकायला काढले, तेव्हा बाजारभाव २६६ रुपयांच्या आसपास होता आणि सरकारने किमान किंमत ठेवली १५५ रुपये. घोषणा होताच भाव कोसळला. कंपनीने काही लपवले नव्हते, हिशेबही बदलले नव्हते. मुठीएवढ्या शेअरच्या खरेदी-विक्रीतून निघालेला आकडा म्हणजे कंपनीचे मूल्य, ही समजूत तेवढी उघडी पडली. ज्या प्रबंधांत सरकारी कंपन्यांचा 'क्यू' काढलेला असतो, तिथे जनतेच्या हाती किती शेअर होते ते आधी पाहावे.

खाणीच्या गावात राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट शिकवणे आवश्यक आहे, आणि ती थेट पोटापाण्याशी निगडित आहे. तिमाहीचे उत्पादन किती झाले, शाफ्टचे काम कुठवर आले, हे कार्यालयातील कारकुनाला बाजाराच्या आधी कळू शकते. ही माहिती भावावर परिणाम करणारी असेल आणि अजून जाहीर झालेली नसेल, तर तिच्या आधारे स्वतः शेअर घेणे-विकणे किंवा भावाला, मेहुण्याला सांगणे हा सेबीच्या २०१५ च्या विनियमांनुसार अपराध आहे. ज्यांच्यापर्यंत अशी माहिती पोचते अशा नेमून दिलेल्या कर्मचाऱ्यांना तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यानंतर ४८ तास उलटेपर्यंत कंपनीच्या शेअरचा व्यवहारच करता येत नाही. २०१० च्या विक्रीत कर्मचाऱ्यांसाठीही काही शेअर राखून ठेवलेले होते, म्हणजे हा प्रश्न काल्पनिक नाही. चहाच्या टपरीवर जे सर्वांना ठाऊक आहे ते जाहीरच झाले, असे लोकांना वाटते. कायद्याच्या दृष्टीने ते शेअर बाजाराला कळवेपर्यंत बातिनच असते.

आज नोंदणीकृत कंपन्यांना २०१५ चे माहिती व नोंदणीविषयक विनियम लागू आहेत. तिमाही निकाल ४५ दिवसांत, वार्षिक निकाल ६० दिवसांत. महत्त्वाच्या घटनांसाठी २०२३ च्या दुरुस्तीनंतर मुदती तासांत मोजल्या जातात. २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना व्यवसाय-जबाबदारी व शाश्वततेचा अहवालही सक्तीचा झाला; त्यात पाणी, वीज, अपघात, कामगार यांचे आकडे येतात. पण ते सबंध कंपनीचे. मॉइलचे आर्थिक निकालही खनिज, उत्पादित माल आणि वीज अशा विभागांनी दिले जातात, खाणीवार नाही. उकव्याच्या खाणीने किती कमावले हे त्या कागदावरून काढता येत नाही. भागधारकाला त्याची गरजही वाटत नाही. त्याने कंपनी विकत घेतली आहे, गाव नव्हे.

गावाला उपयोगी पडणारी माहिती वेगळ्या वाटेने येते. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पाला मंजुरीच्या अटींचे पालन कसे केले, याचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो प्रत्येक प्रकल्पाचा स्वतंत्र असतो. शिवाय मॉइल सरकारी कंपनी असल्याने २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली येते. दहा रुपये शुल्क आणि एक अर्ज. उत्तराची मुदत ३० दिवस. विद्यार्थ्यांना वार्षिक अहवाल, शेअर बाजाराला दिलेले पत्र आणि सहामाही पर्यावरण अहवाल असे तीन कागद एकत्र वाचायला दिले, तर एकच कंपनी तीन वाचकांना तीन निरनिराळ्या गोष्टी सांगते हे त्यांना कळेल. माहिती अधिकाराच्या अर्जाला मात्र कलम ८(१)(घ) नुसार व्यापारी गुपिताचे कारण देऊन नकार येऊ शकतो. तो आला तर अर्जदाराने त्याच आकड्यासाठी कंपनीने शेअर बाजाराला पाठवलेली पत्रे आधी तपासावीत, आणि आकडा तिथे सापडला तर पहिल्या अपिलासोबत त्याची प्रत जोडावी.